गरोदरपणात लस घ्यावी का? खानदेशातल्या घरांसाठी टप्प्याटप्प्याने

गरोदर बाईच्या दंडात सुई गेली की घरातल्या बोलण्यात तिचं एकच नाव होतं: इंजेक्शन. त्यात धनुर्वाताची लस येते, रक्त वाढवण्याचं येतं, निगेटिव्ह रक्तगटाचं येतं, आणि दिवस भरायच्या आधी कळा लागल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी देतात तेही येतं. मग शेजारची वहिनी सांगते, "मला त्या इंजेक्शनानं ताप भरला होता," आणि कोणत्या, हे कुणी विचारत नाही. जळगाव असो, शिरपूर असो की धडगावकडचा एखादा पाडा, लशीची निम्मी भीती या सरमिसळीतून येते.

तेव्हा "लस घ्यावी का?" असा एकच मोठा प्रश्न डोक्यावर घेऊ नका. प्रत्येक लशीला वेगळं विचारा: कोणत्या आजाराची, माझ्यासाठी की बाळासाठी, कितव्या महिन्यात, आणि नाही घेतली तर काय. उत्तरं सारखी येत नाहीत. एकीबाबत ठरवण्यासारखं फारसं उरत नाही, दोघींबाबत खरोखर विचार करावा लागतो, आणि काही लशी गरोदरपणात घ्यायच्याच नसतात.

पहिली पायरी: सुई ओळखा

हिमोग्लोबिन कमी असेल तर सलाइनमधून लोह देतात. ते औषध आहे, लस नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी नावाचं इंजेक्शन साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. हीसुद्धा लस नाही. पुढच्या गर्भाला आईच्या रक्तातून धोका होऊ नये यासाठी ते असतं. "आम्ही लशी घेत नाही" म्हणून कुणी अँटी-डी नाकारलं, तर त्याची किंमत पुढचं बाळ मोजतं. म्हणून दंड पुढे करण्याआधी नाव विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. नर्सबाई कामात असल्या तरी एवढं विचारायला संकोचू नका.

दुसरी पायरी: टीडीचं वेळापत्रक बसवा

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईला फुकट मिळते ती टीडी. पूर्वी टीटी असायची, फक्त धनुर्वाताची. २०१९च्या सुमारास देशाच्या लसीकरण कार्यक्रमात तिची जागा धनुर्वात आणि घटसर्प अशा दोन्हींवरच्या टीडीने घेतली. बोलताना अजून सगळे टीटीच म्हणतात, त्यानं काही बिघडत नाही.

पहिला डोस नाव नोंदवल्यावर लवकरात लवकर, दुसरा त्यानंतर चार आठवड्यांनी. मागच्या गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षं उलटली नसतील, तर या वेळी एकच बूस्टर पुरतो. दुसरा डोस किंवा बूस्टर ३६ आठवड्यांच्या आत व्हावा, पण राहून गेला म्हणून सोडून द्यायचा नाही, उशिरा का होईना घ्यायचा. आधी एकही डोस न झालेली बाई कळा सुरू असताना दवाखान्यात आली तरी तिला टीडी देतात. शेतात विळा लागला, कापूस वेचताना किंवा केळीच्या बागेत काही रुतलं म्हणून मधल्या काळात सुई घेतली असेल तर तेही सांगा, हिशेब त्याप्रमाणे बसतो.

या लशीबद्दल माझं मत सरळ आहे: घ्या. कारण धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यामुळे साऱ्या गावानं लस घेतली तरी त्याचा तुम्हाला आडोसा मिळत नाही, ज्यानं घेतली त्यालाच संरक्षण. नाळ अस्वच्छ ब्लेडनं कापली, किंवा बेंबीला शेण, राख, माती लागली की नवजात बाळाला धनुर्वात होतो. पहिले दोन दिवस नीट दूध ओढणारं बाळ मग तोंड उघडेनासं होतं, अंग ताठ करतं. आईनं लस घेतली असेल तर तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिकारशक्ती वारेतून बाळाकडे जाते आणि ते जन्मतःच संरक्षण घेऊन येतं. भारतात नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. त्याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळाला तो होतो, एवढाच. माती तीच आहे.

घरात मोठ्या बायकांचं म्हणणं येतंच: "आमले कोनी सुई दिन्ही व्हती? तरी पोऱ्या झायातच ना!" खरं आहे, पोरं झाली. त्यांच्याशी वाद घालू नका, उलट विचारा. त्यांच्या पिढीत जन्मल्यावर आठवडाभरात आकडी येऊन गेलेली लेकरं घरात, भाऊबंदकीत किती होती? बाहेरची बाधा, नजर, पाचवीला काही चुकलं अशी कारणं तेव्हा सांगितली जायची. बऱ्याच आजींना अशी लेकरं आठवतात, नावासकट. ती आठवण दहा पोस्टरांपेक्षा जास्त काम करते.

दुसरी कुजबुज अशी की ही सुई पाळणा बंद करते. या लशीत धनुर्वाताच्या जंतूचं निर्विष केलेलं विष असतं, संततीशी संबंध असलेलं काहीही नसतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या गावातल्या बायकांना विचारा, प्रत्येक खेपेला सुई घेऊनच त्यांना पुढची मुलं झाली आहेत.

सर्वांत अवघड भीती वेगळीच असते: "सुई घेतली आणि आठ दिवसांत गर्भ गेला." हे ज्या घरात घडलं तिथं आकडे सांगून दुःख कमी होत नाही. पण दुसऱ्या बाईनं त्यावरून ठरवण्याआधी हे माहीत असावं की कळून आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि बरेचदा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे. नोंदणी आणि पहिला डोस याच काळात येतात, त्यामुळे दोन गोष्टी एकामागून एक घडलेल्या दिसतात. टीटी आणि टीडी कैक दशकं जगभर गरोदर बायकांना दिली जाते आहे, तिनं गर्भपात वाढल्याचं आढळलेलं नाही. तरीही आधी गर्भ गेलेला असेल आणि मन धजत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून पहिला डोस तिसरा महिना सरल्यावर घ्या. नोंदणी आणि तपासण्या मात्र थांबवू नका.

तिसरी पायरी: टीडॅपचा विचार करा

खरं ठरवणं इथून सुरू होतं. टीडॅपमध्ये धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला अशा तिघांवरची लस असते. ती सरकारी वेळापत्रकात नाही, खासगी दवाखान्यात पैसे देऊन मिळते. नावं इतकी सारखी आहेत की बिलावर आणि कार्डावर काय लिहिलंय ते नीट वाचून घ्या.

डांग्या खोकला मोठ्यांना लांबलेला खोकला म्हणून येतो आणि जातो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र नीट खोकताही येत नाही, त्याचा श्वासच मधे थांबतो. बाळाची स्वतःची पहिली लस दीड महिन्याची झाल्यावर, नंतर अडीच आणि साडेतीन महिन्यांवर. म्हणजे सगळ्यांत धोक्याच्या काळात त्याच्याकडे स्वतःचं काहीच नसतं. आईनं २७ ते ३६ आठवड्यांत टीडॅप घेतली तर तिची प्रतिकारशक्ती या मोकळ्या आठवड्यांत बाळाला पुरते. इंग्लंडमध्ये २०१२ साली डांग्या खोकल्यानं १४ तान्ही बाळं दगावली, तेव्हा तिथं गरोदर बायकांना ही लस देणं सुरू झालं. लहानग्यांमधला हा आजार रोखण्यात ती सुमारे ९० टक्के परिणामकारक ठरल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसलं.

टीडॅप घ्यायची ठरली तर टीडीचा दुसरा डोस वेगळा घ्यावा लागत नाही, टीडॅप त्याच्या जागी चालते. म्हणून क्रम आधीच डॉक्टरांसमोर मांडा: पहिला डोस सरकारी टीडीचा, दुसऱ्याच्या जागी सातव्या-आठव्या महिन्यात टीडॅप. बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी ती व्हावी, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि ही संरक्षणाची शिदोरी प्रत्येक बाळासाठी नव्यानं बांधावी लागते, मागच्या खेपेची या बाळाला पुरत नाही.

चौथी पायरी: फ्लूची लस, पावसाकडे बघून

गरोदरपणात फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर भार वाढतो, प्रतिकारशक्तीची घडी बदलते. साधा वाटणारा फ्लू त्यामुळे गरोदर बाईला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत गरोदर बायका जास्त गंभीर झाल्या, हे जगभर दिसलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्याचं संरक्षणही आईकडूनच येतं.

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा डोकावतो. लशीचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात. तेव्हा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या आणि गणपती-नवरात्रात बाळंत होणाऱ्या पोरीनं पाऊस पडायच्या आधी ही लस घेतलेली बरी. दंडात टोचायची, मृत विषाणूंची लस कोणत्याही महिन्यात चालते. आपल्याकडचे बरेच स्त्रीरोगतज्ज्ञ सहावा महिना सरताना देतात, पण साथ चालू असेल तर तोवर थांबायचं कारण नाही. नाकात फवारायची फ्लूची लस मात्र जिवंत असते, ती गरोदरपणात नको.

पैशांचं स्पष्ट बोलू. टीडॅप आणि फ्लू या दोन्ही लशी बाहेर घेतल्या तर एकेकीचा खर्च हजार-दोन हजारांच्या घरात जातो. ज्या घरात सोनोग्राफीचे पैसे उसने आणावे लागतात तिथं हे थोडं नाही. फ्लूच्या लशीसाठी आधी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात विचारा, गरोदर महिलांसाठी साठा आलेला असतो तेव्हा तिथं फुकट मिळू शकते. पैसे एकीपुरतेच असतील तर मी असं ठरवेन: शेवटचे महिने पावसाळ्यात येत असतील किंवा दमा, साखर, हृदयाचा त्रास असेल तर फ्लू, नाहीतर टीडॅप. तुमच्या डॉक्टरांना तुमची प्रकृती माहीत असते, त्यांचं मत यापेक्षा वेगळं पडलं तर त्यांचं ऐका. आणि दोन्ही घेता आल्या नाहीत तर स्वतःला दोष देऊ नका. खोकणाऱ्या माणसानं बाळाला न उचलणं, पाहुण्यांनी पाप्या न घेणं, यातूनही बराच धोका टळतो. पाचवी आणि बारशाच्या गर्दीत हे सांगणं नवऱ्याचं काम समजा.

कोविडच्या लशीला केंद्र सरकारनं २ जुलै २०२१ रोजी गरोदर महिलांसाठी परवानगी दिली. आज ती नेहमीच्या यादीत नाही. दुसरा मोठा आजार असेल तर डॉक्टरांना विचारा, एरवी त्यावर फार वेळ घालवू नका.

पाचवी पायरी: काय घ्यायचं नाही

गोवर-गालगुंड-रुबेलाची आणि कांजिण्यांची लस जिवंत विषाणूंची असते. त्या गरोदरपणात देत नाहीत. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस जिवंत नसली तरी बाळंतपणानंतर ढकलतात. लग्न ठरलेल्या मुलीनं रुबेलाची लस घेतली असेल तर त्यानंतर निदान एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत. चुकून गेलेच, तर घाबरून गर्भ पाडायला धावू नका. केवळ त्या लशीसाठी गर्भपात करण्याची गरज नसते, डॉक्टरांना सांगून पुढच्या तपासण्या करायच्या.

आता एक अपवाद, जो जिवाशी गाठ घालतो. कुत्रं, माकड, मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर रेबीजची लस गरोदरपणातही घ्यायचीच, सगळे डोस. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शनही लागतं, तेही चालतं. "पोटात बाळ आहे, बाळंतपण होऊ दे मग बघू" असं कुणी म्हणालं तर त्याचं अजिबात ऐकू नका. रेबीज झाल्यावर उपाय नाही. हळद-मिरची भरण्यात तर वेळच जातो.

सहावी पायरी: घरात आणि दवाखान्यात बोलणं

निर्णय बाईचा असला तरी आपल्या घरांत तो एकटीनं होत नाही, हे मान्य करून चाला. सासूबाई, नवरा, माहेरी आई, कधी मोठी फुई, प्रत्येकाचं काही म्हणणं असतं. सगळ्यांना समजावत बसण्यापेक्षा ज्यांच्या शब्दाला घरात वजन आहे त्या एका माणसाला तपासणीला सोबत न्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. डॉक्टर समोर असतात, शंका तिथंच विचारता येते. सातपुड्यातल्या पाड्यांवर बोली पावरी किंवा भिली असेल तर आशाताईला सोबत घ्या. समजलं नसताना मान डोलावणं म्हणजे होकार नव्हे.

विचारायचं ते थोडकंच: ही कोणती लस, आत्ताच का, महिनाभर थांबले तर काय फरक पडेल, माझ्या आजारांमुळे किंवा औषधांमुळे काही अडचण आहे का. आधी कधी लस घेतल्यावर अंगावर गांधी, तोंड सुजणं, श्वास लागणं असं झालं असेल तर ते स्वतःहून सांगा. टाळण्याचं खरं कारण हेच: त्याच लशीची पूर्वी गंभीर ॲलर्जी. साधी सर्दी हे कारण नाही. चांगला ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबतात.

नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि नाही म्हटलं म्हणून तपासणी किंवा बाळंतपण कुणी नाकारू शकत नाही. फक्त नकार कोणत्या लशीला देता आहात ते स्पष्ट असू द्या, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचार करायची मोकळीक ठेवा.

सातवी पायरी: लशीचा दिवस

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सकाळीच निघा, काहीतरी खाऊन, पाण्याची बाटली घेऊन. पोट रिकामं आणि ऊन डोक्यावर असलं की चक्कर येते आणि नाव लशीवर जातं. सुई आणि सिरिंज तुमच्यासमोर नवी फोडली जावी. टीडीच्या बाटलीत अनेक डोस असतात आणि उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर चार आठवडे वापरता येते, त्यामुळे "आज बायका कमी आल्या" म्हणून परत पाठवायचं कारण नसतं.

विकतची लस शक्यतो डॉक्टरांच्या फ्रिजमधलीच घ्या. लशीला २ ते ८ अंश तापमान लागतं. मेडिकलमधून घेऊन गाडीच्या डिकीत टाकून आणली तर ती उष्णतेनं वाया जाते, आणि बर्फाला चिकटवून आणली तर गोठून वाया जाते. टीडी, टीडॅप आणि फ्लू, तिघींनाही गोठणं चालत नाही.

टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा, गंभीर ॲलर्जी आली तर बहुधा याच वेळात येते. नंतर दंड दुखणं, थोडी सूज, एखाद-दोन दिवस कणकण हे अपेक्षित आहे. दंड चोळू नका, शेकू नका. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल चालतं, दुसरी वेदनाशामक गोळी मनानं घेऊ नका. मोठा ताप, पोटात कळा, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही झालं तर "लशीनं असेल" म्हणत घरी बसू नका, दवाखान्यात जा. कारण दुसरं असू शकतं आणि तेच महत्त्वाचं असतं.

आठवी पायरी: कार्ड जिथे बाई तिथे

आपल्या भागात लस चुकते ती नकारामुळे कमी आणि गाव बदलल्यामुळे जास्त, असं मला वाटतं. पहिला डोस सासरी होतो, डोहाळजेवण झालं की पोर माहेरी जाते आणि कार्ड सासरच्या कपाटात राहतं. माहेरच्या नर्सबाई विचारतात, पोरीला आठवत नाही. मग एकतर डोस दुबार होतो किंवा राहतो. दुबार झाला तर बहुधा दंड जास्त दुखण्यापलीकडे काही होत नाही, राहिला तर मात्र नुकसान आहे.

दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे, चाळीसगाव पट्ट्यातून ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या बायकांचं तर आणखी अवघड. त्यांनी निघण्याआधी आशाताईला गाठून पुढच्या डोसची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. चार आठवडे झाले असतील तर दुसरा डोस घेऊनच निघावं. राज्य बदललं तरी टीडी तीच असते, आणि जिथे पाल पडेल तिथल्या सरकारी केंद्रात ती फुकटच मिळते. कार्ड भिजतं, हरवतं, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आणि माहेरच्या एकाच्या मोबाइलमध्ये असू द्यात.

त्याच कार्डावर कावीळ-ब च्या तपासणीचा निकाल असतो. तो पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपण जिथं होणार तिथं आधी सांगा. अशा बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत कावीळ-ब ची लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन लागतं, आणि ते वेळेवर हाताशी असावं लागतं. निकाल निगेटिव्ह असला तरी २४ तासांच्या आतली ती लस प्रत्येक बाळाला असते, बीसीजी आणि पोलिओच्या थेंबांबरोबर. रुबेलाची लस राहून गेलेल्या आईला ती बाळंतपणानंतर घेता येते, अंगावर पाजत असली तरी.